वाऱ्याकडे पाठ, डाव्या हाताला वादळ

वेधशाळेने पाऊस सांगितला की छत्री घरी ठेवावी आणि कोरडी हवा सांगितली की ती बरोबर घ्यावी, हा विनोद आपल्याकडे पिढ्यान्‌पिढ्या चालत आला आहे. गिरगावातल्या आमच्या चाळीत दर पावसाळ्यात तो कुणीतरी करी आणि दर वेळी गॅलरीतली मंडळी नव्याने हसत. मीही हसत असे. पुढे बोटीवरच्या नोकरीत तीसएक वर्षे गेली, निरनिराळ्या समुद्रांचे पाणी पाहिले, आणि ध्यानात आले की समुद्रावर हा विनोद कोणी करीत नाही. तेथे हवामानाचे वृत्त आले की हातातला चहा बाजूला ठेवून माणसे ते वाचतात. एकदा वाचून भागत नाही. पुन्हा वाचतात, आणि मग नकाशावर पेन्सिलीने खूण करतात.

हे वृत्त कोण तयार करते, ते कितपत खरे ठरते आणि खरे ठरले नाही तर त्याची किंमत कोण मोजतो, हे वाचकांना सांगावे असे पुष्कळ दिवस मनात होते. दिवाळीचे दिवस त्याला योग्यच म्हणायचे. आपल्या दोन्ही समुद्रांत चक्रीवादळांचे हंगाम दोन. एक मोसमी पावसाच्या आधी, एप्रिल ते जूनपर्यंत. दुसरा पाऊस परतल्यावर, ऑक्टोबर ते डिसेंबर. म्हणजे आपण आकाशकंदील लावतो त्याच दिवसांत तिकडे समुद्रावर वेधशाळेचा डोळा लागलेला नसतो.

कलकत्त्याचे वेटोळे

‘सायक्लोन’ हा शब्द विलायतेहून आला असे पुष्कळांना वाटते. त्याचा जन्म कलकत्त्याचा. हेन्री पिडिंग्टन नावाचे एक इंग्रज गृहस्थ तरुणपणी बोटीवर होते. पुढे कलकत्त्यास स्थायिक झाले आणि अपघातांची चौकशी करणाऱ्या सागरी न्यायालयाचे अध्यक्ष बनले. वादळातून वाचून आलेल्या जहाजांच्या रोजनिशा मागवाव्यात, कोणत्या जहाजावर किती वाजता वारा कुठून होता हे नकाशावर मांडावे, असा त्यांनी छंदच घेतला. १८३९ साली आंध्र किनाऱ्यावरचे कोरिंगा बंदर वादळाने धुऊन नेले, त्याचाही त्यांनी अभ्यास केला. तेव्हा दिसले की वादळातला वारा एका दिशेने धावत नाही, तो केंद्राभोवती गरगर फिरतो. सापाच्या वेटोळ्याचा अर्थ असलेल्या ग्रीक शब्दावरून त्यांनी त्याला ‘सायक्लोन’ हे नाव दिले आणि १८४८ साली खलाशांसाठी एक पुस्तक काढले. पुस्तकाबरोबर शिंगाच्या दोन पारदर्शक पातळ चकत्या असत, एक उत्तर गोलार्धासाठी आणि एक दक्षिण गोलार्धासाठी. चकती नकाशावर ठेवायची आणि आपली बोट वादळाच्या कोणत्या बाजूला आहे ते पाहायचे.

याच पिडिंग्टनसाहेबांची दुसरी गोष्ट अधिक बोलकी आहे. कलकत्त्याच्या दक्षिणेस मातला नदीवर नवे बंदर बांधण्याचा सरकारचा बेत चालला होता. १८५३ साली पिडिंग्टननी गव्हर्नर जनरलना पत्र लिहून कळविले की, ही जागा वादळाच्या तोंडात आहे, एक दिवस समुद्र या बंदरात चढेल. पत्राकडे कोणी लक्ष दिले नाही. बंदर बांधले गेले, व्हाइसरॉयच्या नावावरून त्याचे ‘पोर्ट कॅनिंग’ असे बारसेही झाले. १८६७ च्या नोव्हेंबरात वादळ आले, समुद्र चढला आणि बंदर मोडीत निघाले. पिडिंग्टन १८५८ सालीच वारले होते.

दरम्यान १८६४ च्या ५ ऑक्टोबरला खुद्द कलकत्त्यावर वादळ कोसळून हजारो माणसे दगावली. तेव्हा कुठे दुसऱ्या वर्षी त्या बंदरासाठी वादळाची पूर्वसूचना देण्याची व्यवस्था झाली, आणि १८७५ साली भारतीय हवामान खात्याची स्थापना झाली. आपल्याकडे हे खाते उभे राहिले त्यामागे अशी बुडालेली बंदरे आणि बुडालेली माणसे आहेत.

डावी बाजू, उजवी बाजू

वादळाला जन्मायला काय लागते? पहिली गोष्ट, साधारण साडेसव्वीस अंशांहून अधिक उबदार समुद्र, आणि तोही नुसता वरवर नव्हे, चांगला खोलवर. दुसरी, भरपूर बाष्प. तिसरी, पृथ्वीच्या भ्रमणाने वाऱ्याला मिळणारे वळण. विषुववृत्तावर हे वळण मिळत नाही, म्हणून त्याच्या दोन्ही बाजूंना सुमारे पाच अंशांच्या पट्ट्यात सहसा वादळे होत नाहीत. चौथी, वरच्या आणि खालच्या थरांतल्या वाऱ्यांत फार तफावत नको. नाहीतर वादळाचा माथा एकीकडे आणि पाय एकीकडे होतात. ऐन पावसाळ्यात आपल्या समुद्रांवर ही तफावत फार असते, म्हणून जुलै-ऑगस्टात मोठी चक्रीवादळे क्वचितच होतात.

एकदा ते फिरू लागले की त्याचे केंद्र शोधायला यंत्र लागत नाही. हॉलंडच्या बॉइस बॅलट या शास्त्रज्ञाच्या नावाने ओळखला जाणारा नियम प्रत्येक शिकाऊ अधिकाऱ्याकडून पाठ करून घेतात. उत्तर गोलार्धात वाऱ्याकडे पाठ करून उभे राहा. कमी दाबाचे केंद्र तुमच्या डाव्या हाताला असेल. दक्षिण गोलार्धात उजव्या हाताला. भर समुद्रात सगळी यंत्रे बंद पडली तरी पाठ आणि हात तर जागेवर असतात!

आता ही डावी-उजवी आपल्या घरापर्यंत कशी येते ते पाहा. ३ जून २०२० रोजी ‘निसर्ग’ वादळ अलिबागच्या दक्षिणेस, श्रीवर्धनच्या बाजूला किनाऱ्यावर चढले. मुंबईकर श्वास रोखून बसले होते आणि मुंबईत फारसे काही झाले नाही. लगेच मंडळी म्हणू लागली, उगाच घाबरवले. परंतु मुंबई वादळाच्या डाव्या अंगाला पडली होती. तिथले वारे जमिनीकडून समुद्राकडे जात होते. उजव्या अंगाला तेच वारे समुद्राचे पाणी घेऊन किनाऱ्यावर आदळतात आणि वादळाची पुढे सरकण्याची गतीही त्यांत मिसळते. श्रीवर्धन, दापोलीकडे नारळी-पोफळीच्या बागा आडव्या झाल्या, घरांची कौले उडाली. केंद्र थोडे उत्तरेला सरकले असते तर ही बातमी मुंबईची झाली असती.

वर्तमानपत्रात आपण ‘बंदरावर तीन नंबरचा बावटा’ असे वाचतो, त्यातही हाच हिशेब आहे. एक आणि दोन नंबरचे बावटे दूरच्या समुद्रातल्या वादळाचे. तीन म्हणजे खुद्द बंदरावर सोसाट्याचा वारा येण्याचा संभव. चार म्हणजे बंदराला वादळाचा धोका, पण अखेरची तयारी करण्याइतका नव्हे. पाच, सहा, सात हे धोक्याचे: वादळ बंदराला डावीकडे टाकून जाणार, उजवीकडे टाकून जाणार, की थेट बंदरावर येणार. आठ, नऊ, दहा हेच तीन प्रकार, पण महाधोक्याचे. अकरावा बावटा मला सर्वांत भयंकर वाटतो. त्याचा अर्थ, वेधशाळेशी संपर्क तुटला आहे आणि हवा वाईट आहे असे बंदरावरच्या अधिकाऱ्याचे मत आहे.

घराणे एक, नावे अनेक

एकच वादळ, पण समुद्र बदलला की नाव बदलते. अटलांटिकमध्ये आणि पूर्व पॅसिफिकात ते ‘हरिकेन’, चीन-जपानकडे ‘टायफून’, आपल्याकडे ‘सायक्लोन’. घराणे एकच. साऱ्या उष्ण समुद्रांची वाटणी काही मोजक्या केंद्रांत झालेली आहे. अटलांटिक आणि पूर्व पॅसिफिक मायामीकडे, मध्य पॅसिफिक होनोलुलूकडे, वायव्य पॅसिफिक टोकियोकडे, नैर्ऋत्य हिंदी महासागर रेयुनियाँ बेटाकडे, दक्षिण पॅसिफिकचा मोठा भाग फिजीतल्या नांदीकडे; आणि बंगालचा उपसागर व अरबी समुद्र नवी दिल्लीकडे. वादळांची बारशी करण्याची आपल्याकडची रीत २००४ सालापासूनची. त्या वेळी आठ देशांनी नावे दिली होती. २०२० साली तेरा देशांनी प्रत्येकी तेरा अशी १६९ नावांची नवी यादी केली. ‘निसर्ग’ हे त्या यादीतले पहिले नाव, बांगलादेशाने दिलेले.

बोटीवर जे वृत्त येते त्याची भाषा अगदी काटकसरीची असते. आधी इशारा असेल तर इशारा. मग हवेचा सारांश: कमी दाबाचा पट्टा कोठे, केंद्र कोणत्या अक्षांश-रेखांशावर, कोणत्या दिशेला किती वेगाने सरकते आहे. मग प्रत्येक सागरी भागासाठी वारा, दृश्यमानता, पाऊस आणि लाटा. त्यातला एक बारकावा घरी बसून वाचणाऱ्यांनी ध्यानात ठेवण्यासारखा आहे. ‘लाटा चार मीटर’ असे म्हटले म्हणजे सर्वांत उंच लाट चार मीटर नव्हे. एकूण लाटांपैकी उंचातल्या उंच एक तृतीयांश लाटांची ती सरासरी असते. अधूनमधून तिच्या जवळजवळ दुप्पट लाट येऊ शकते, आणि माणूस वाहून जातो तो बहुधा त्या लाटेने.

हे वृत्त एकतर्फी नसते. जगभरच्या पुष्कळ व्यापारी बोटी दर सहा तासांनी वारा, वायुभार, तपमान, ढग, लाटा यांची नोंद करून वेधशाळांना पाठवितात. आपल्या घड्याळाप्रमाणे पहाटे साडेपाच, सकाळी साडेअकरा, संध्याकाळी साडेपाच आणि रात्री साडेअकरा या त्या वेळा. मी अशा हजारो नोंदी केल्या असतील. गंमत अशी की, अंदाज जितके सुधारले तितक्या बोटी वादळापासून दूर राहू लागल्या, आणि वादळाच्या पोटातल्या नोंदी कमी झाल्या. ती उणीव उपग्रहांनी भरून काढली. १९६० च्या एप्रिलमध्ये पहिला हवामान उपग्रह आकाशात गेला, आणि तेव्हापासून समुद्रात वादळ गुपचूप वाढण्याचे दिवस सरत गेले.

छत्तीस तास

आता माझ्या नोकरीतला एक प्रसंग सांगतो. १९८० नंतरची गोष्ट. मुरगावहून लोहखनिज भरून आम्ही जपानला निघालो होतो. मी सेकंड ऑफिसर, म्हणजे मार्ग आखणे माझ्याकडे. आमचे कप्तान मालवणचे, मोजके बोलणारे. सिंगापूर मागे टाकून उत्तरेकडे चाललो असताना फिलिपाइन्सच्या पलीकडे एक टायफून तयार झाले. टोकियोहून येणारा हवामानाचा नकाशा बिनतारी अधिकाऱ्याच्या यंत्रातून ओळीओळीने उमटे. त्यावर चोवीस तासांनंतर केंद्र जेथे असण्याचा संभव, तेथे एक वर्तुळ काढलेले असे. आमचा मार्ग त्या वर्तुळाला घासून जात होता.

“सेकंड, टोकियोवाल्यांनी ठिपका न काढता वर्तुळ का काढले असेल?” कप्तानांनी विचारले.

“केंद्र नक्की कुठे जाईल ते सांगता येत नाही म्हणून, सर.”

“मग त्यांना जे सांगता येत नाही, ते आपल्याला कळते असे समजून चालायचे का?”

त्यांनी बोट दक्षिणेकडे वळविली आणि वेग कमी केला. तिकडे ज्यांनी बोट भाड्याने घेतली होती त्यांच्या तारांवर तारा येऊ लागल्या: केव्हा पोहोचणार? विलंबाचे कारण काय? खनिजाने भरलेली बोट एक दिवस थांबली तरी खर्चाचा आकडा मोठा होतो. आम्ही छत्तीस तास तसेच रेंगाळलो. आणि वादळाने काय करावे? वरच्या थरातल्या वाऱ्यांनी त्याचा माथा कापला आणि ते भर समुद्रातच विरून गेले. आम्ही जेथून गेलो असतो तेथल्या बोटींच्या नोंदींत लाटा अडीच मीटरच्या आतच होत्या.

जपानला पोहोचल्यावर खुलासा मागणारे कडक पत्र वाट पाहत होते. त्यात लिहिले होते की, ही सावधगिरी अनाठायी ठरली. कप्तानांनी उत्तराचा मसुदा मला वाचायला दिला. तो मला अजून आठवतो, कारण फार लहान होता. “मी निर्णय घेतला तेव्हा वादळ होते. ते नंतर विरले. निर्णय नंतर घेण्याची सोय समुद्रावर नाही.”

अंदाज म्हणजे काय, हे मला त्या तीन वाक्यांत जितके उमगले तितके पुस्तकांत उमगले नव्हते. अंदाज हा भविष्य सांगणाऱ्या ज्योतिषाचा कौल नव्हे. आज जे ठाऊक आहे त्यावरून उद्या काय काय होऊ शकेल याचा तो ताळेबंद आहे. वर्तुळात वादळ आले नाही म्हणून वर्तुळ खोटे होत नाही.

किंमत कोण देतो?

हे सारे खरे. पण त्या छत्तीस तासांचा माझा पगार काही कापला गेला नाही. काही वर्षांपूर्वी हर्णैच्या बंदरावर एका वृद्ध तांडेलाशी बोलत होतो. वादळाच्या सूचना, बावटे, उपग्रह असे मी उत्साहाने सांगत होतो. तो शांतपणे ऐकून म्हणाला, “साहेब, ‘जाऊ नका’ म्हणायला पैसे पडत नाहीत. न जायला पडतात.”

त्याचे म्हणणे टाळता येण्यासारखे नाही. डिझेल भरलेले, बर्फ भरलेला, खलाशांना उचल दिलेली, आणि बावटा लागला. एकदा होडी बांधून ठेवली, वादळ आले नाही. दुसऱ्यांदा बांधली, तरी आले नाही. तिसऱ्यांदा बांधायची की नाही हे त्याचे घर ठरवते, वेधशाळा नव्हे.

म्हणून खोट्या ठरणाऱ्या सूचना कमी करणे ही केवळ शास्त्राची हौस नाही. आज आपल्या समुद्रांतल्या वादळाचा मार्ग चोवीस तास आधी सांगताना सरासरी चूक शंभर किलोमीटरच्या आत आली आहे. जितकी चूक कमी तितके वर्तुळ लहान, आणि वर्तुळ जितके लहान तितक्या कमी होड्या विनाकारण किनाऱ्याला. मात्र वादळाचा जोर किती वाढेल हे अजूनही अवघड जाते. २०२३ च्या ऑक्टोबरात मेक्सिकोच्या अकापुल्को शहराकडे निघालेले ‘ओटिस’ वादळ साधारण एका दिवसात सर्वोच्च श्रेणीला जाऊन पोहोचले. अंदाज त्याच्या मागे राहिला. आपला अरबी समुद्र तापत चालला आहे, तेव्हा अशा झपाट्याने वाढणाऱ्या वादळांची चिंता आपल्यालाही आहे.

आणि सूचना ऐकली नाही तर? १९०० साली अमेरिकेतल्या गॅल्व्हस्टन बेटावर वादळ आले. क्यूबातल्या जाणकारांनी ते मेक्सिकोच्या आखातात शिरेल असे ओळखले होते. परंतु अमेरिकन हवामान खात्याला क्यूबाच्या भाकितांचे वावडे होते, त्यांच्या तारा येऊ देण्यावरच बंदी घातलेली होती. ८ सप्टेंबरला समुद्र शहरावर चढला आणि सहा हजारांहून अधिक माणसे गेली. आपल्याकडे १९९९ च्या २९ ऑक्टोबरला ओडिशावर महाचक्रीवादळ आले, सुमारे दहा हजार बळी पडले. त्यानंतर त्या राज्याने निवारे बांधले, गावोगाव माणसे तयार केली. १२ ऑक्टोबर २०१३ ला ‘फायलिन’ आले तेव्हा सुमारे दहा लाख माणसे आधीच हलविली होती. बळींची संख्या काही डझनांवर थांबली. दोन वादळांमधल्या चौदा वर्षांत शास्त्र सुधारले हे खरे, पण त्याहून अधिक सुधारले ते सूचना ऐकून उठणारे पाऊल.

तरीही साखळी कोठेतरी तुटतेच. २०१७ च्या नोव्हेंबर-अखेरीस ‘ओखी’ कन्याकुमारीजवळ झपाट्याने वाढले, तेव्हा केरळ-तमिळनाडूचे कित्येक मच्छीमार आधीच खोल समुद्रात होते. इशारा त्यांच्यापर्यंत पोहोचण्याची सोयच नव्हती. त्यानंतर उपग्रहावरून होडीवर संदेश देणारी यंत्रे निघाली. उलट, २०२१ च्या मे महिन्यात ‘तौक्ते’ची सूचना दिवस दिवस आधी निघाली होती. तरी मुंबईजवळच्या तेलक्षेत्रात पी-३०५ हा कामगारांचा तराफा थांबून राहिला, नांगर तुटले, १७ मे रोजी तो बुडाला आणि सत्तरच्या आसपास माणसे गेली. एके ठिकाणी वृत्त पोहोचले नाही. दुसऱ्या ठिकाणी पोहोचले आणि पुरले नाही.

२०१९ सालची दिवाळी काहींना आठवत असेल. २७ ऑक्टोबर, लक्ष्मीपूजनाचा दिवस. त्याच दिवशी ‘क्यार’ वादळ अरबी समुद्रात महाचक्रीवादळाच्या श्रेणीला पोहोचले. ते आपल्यापासून दूर पश्चिमेकडे सरकले. त्याचा निरोप घेतो न घेतो तोच ‘महा’ उभे राहिले, आणि एकाच वेळी अरबी समुद्रात दोन वादळे फिरत होती. आपण फराळाची ताटे लावीत होतो तेव्हा कोकणातल्या बंदरांत होड्या बांधून माणसे आभाळाकडे पाहत बसली होती.

सुटीत तुम्ही मांडव्याला, मालवणला, हर्णैला जालच. बावटा लागलेला असेल आणि लाँच किंवा होडीची फेरी बंद असेल, तर “एवढे ऊन पडले आहे, काय होते?” म्हणून नावाड्याशी हुज्जत घालू नका. मुलांना घेऊन किनाऱ्यावर वाऱ्याकडे पाठ करून उभे राहा आणि डावा हात पसरून दाखवा की, वादळ त्या बाजूला आहे. आणि नंतर चहा-भजी घ्यायची असतील तर त्याच धक्क्यावरच्या टपरीत घ्या. फेरी बंद झाली म्हणजे नावाड्याबरोबर तिचाही त्या दिवसाचा धंदा बुडालेला असतो.